बोट बघा, इंजिन बघू नका

सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटर उंचावर आहे आणि जवळचा समुद्र रस्त्याने तीनशेहून जास्त किलोमीटरवर. त्यामुळे खाऱ्या पाण्यात वापरलेली जुनी पॉवरबोट घ्यायला आपल्याइतकं लायक गिऱ्हाईक महाराष्ट्रात दुसरं नाही. किनाऱ्यावरच्या विकणाऱ्यालाही हे पक्कं ठाऊक असतं. फोनवर 'सोलापूरहून बोलतोय' म्हणून बघा, आवाज लगेच कसा मऊ होतो ते.

उजनी धरणात स्वतःची बोट फिरवायची हे एकदा ठरलं की बघायला जाताना काय बघायचं तेही ठरवून जा. सीटचं रेक्झिन बघा. म्युझिक सिस्टीम लावून बघा. ग्लास ठेवायची भोकं किती आहेत ते मोजा. स्टिअरिंगवर हात ठेवून फोटो काढा आणि तिथूनच पाहुण्यांच्या ग्रुपवर टाका. फोटो गेला की माघार घेता येत नाही, आणि विकणाऱ्याचं अर्धं काम तुम्हीच केलेलं असतं.

निघताना फोन करायला मात्र विसरू नका. 'अर्ध्या तासात पोचतो' एवढं कळवलं की तो बिचारा तुम्हाला ताटकळायला नको म्हणून इंजिन आधीच चालू करून ठेवतो. काही संशयी लोक न सांगता जाऊन टपकतात, कव्हर काढून इंजिनाला हात लावतात आणि ते थंडगार असलं तरच किल्ली फिरवू देतात. म्हणे थंड इंजिन किती वेळ कण्हतं, धूर निळा येतो की पांढरा, यावरून त्याची खरी तब्येत कळते. आपण माणसं जोडायला चाललोय, तब्येती तपासायला नाही.

'डॉक्टरांची बोट आहे, फक्त रविवारी काढायचे,' असं वाक्य कानावर पडलं की टोकन देऊन टाका. मोटारीच्या बाजारात हे वाक्य सोन्याचं असतं, मग बोटीत पितळेचं कसं होईल? रविवारी संध्याकाळी इंजिन बंद झालं, ते पुढच्या सुट्टीपर्यंत मीठ पोटात घेऊन बसलं, आणि पावसाळ्याचे चार महिने तर हललंच नाही. पण मीटरवर तास किती कमी दिसतात! नव्या इंजिनांच्या कॉम्प्युटरमध्ये ते किती तास, कोणत्या आरपीएमवर पळवलं याची नोंद असते आणि लॅपटॉप जोडला की ती बाहेर येते. लॅपटॉप घरीच ठेवा.

मिठाचं एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. तसंच वाटत राहू द्या. समुद्राच्या एका लिटरात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. आपल्या मोटारीत रेडिएटर असतो, तेच कूलंट आत फिरत राहतं. बोटीचं इंजिन बाहेरचं पाणी ओढतं, अंगात फिरवतं आणि एक्झॉस्टवाटे टाकून देतं. काही इनबोर्डांना, म्हणजे बोटीच्या पोटात बसवलेल्या इंजिनांना, आत कूलंट आणि ते थंड करणारा हीट एक्स्चेंजर असतो, पण त्यांच्याही एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधून, म्हणजे सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या भागातून, अनेकदा खारं पाणीच जातं. हे मॅनिफोल्ड आणि त्यावरचे, धूर वर चढवून बाहेर नेणारे रायझर ओतीव लोखंडाचे असले तर खाऱ्या पाण्यात साधारण पाच-सात वर्षांत बदलावे लागतात. बाहेरून सगळं ठणठणीत दिसतं. आतून पापुद्रे सुटतात, पाणी आणि धूर यांच्यामधली भिंत पातळ होते आणि एक दिवस पाणी एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये उतरतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून 'रायझर कधी बदलले, बिल आहे का?' हा प्रश्न तोंडातून काढूच नका. माणूस तुम्हाला सोलकढी पाजतोय, त्याच्याकडे बिलं कसली मागता?

ताजा रंग दिसला की दोन पैसे वाढवून द्या. रंगाला कुठे फुगे आले असतील तर ती हवामानाची करणी समजा, खालचं ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होतंय असले विचार मनात आणू नका. एका ठिकाणी तर रंगाऱ्याने इतकं मन लावून काम केलेलं असतं, की खाली प्रोपेलरजवळ बसवलेला जस्ताचा ठोकळासुद्धा त्याने चकचकीत काळा केलेला असतो. तो ठोकळा म्हणजे ॲनोड. त्याने स्वतः झिजायचं आणि इंजिनाला वाचवायचं, एवढीच त्याची नोकरी. रंग दिला की ती नोकरी संपते आणि झिजायचं काम इंजिनाकडे येतं. उजनीच्या गोड्या पाण्यात जस्ताऐवजी मॅग्नेशियमचा ॲनोड लावतात. पण चालू वस्तूला कशाला हात लावायचा?

बोटीचा जाणकार सोबत नेण्याचा खर्च टाळा. आपला ट्रॅक्टरवाला मेकॅनिक न्या. तो इंजिनाला कान लावेल आणि म्हणेल, 'लई स्मूथ हाय की ओ मालक.' खरं तर तो हुशार माणूस आहे. दाब मोजायचं गेज हातात दिलं तर सगळ्या सिलिंडरांचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, दहा टक्क्यांच्या आत जुळतंय का, हे तो पाच मिनिटांत सांगेल. प्रोपेलर फिरवणाऱ्या गिअर केसचा खालचा स्क्रू ढिला करून आधी पाणी येतं की तेल, आणि तेल दुधाच्या चहासारखं तर झालं नाही ना, हेही बघेल. म्हणूनच त्याला आधी सुरमईच्या ताटावर बसवा.

बोट सोलापुरात आली की बिल्डिंगसमोर ट्रेलरवरच पूजा करा. प्रोपेलरला हार, इंजिनाला हळदकुंकू, नारळ. मग जमलेल्या मंडळींना आवाज ऐकवायला इंजिन चालू करा. पाण्याशिवाय. आतल्या पंपात रबरी पाकळ्यांचा इम्पेलर असतो, त्याला थंड ठेवणारं पाणीच नसलं तर मिनिटभरात तो जळायला लागतो. पाकळ्या तुटतात आणि तुकडे पुढच्या नळ्यांत जाऊन बसतात. पण मंडळी टाळ्या वाजवत असतात, त्यामुळे हे कुणाला ऐकू येत नाही. आउटबोर्डच्या, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर टांगलेल्या इंजिनाच्या, मागून पाण्याची बारीक धार यायला हवी, असं पुस्तिकेत लिहिलेलं असतं. ती पुढे उजनीतही आली नाही, तर भोकात कुंभारमाशीने घर केलं असेल म्हणायचं. कधी कधी ते खरंही असतं.

मापटंभर मीठ आत बसलेलं इंजिन गोड्या पाण्यावर निवांत चालवून धुवायचं असतं, बागेचा पाइप लावून, दहा-पंधरा मिनिटं तरी. आपल्याकडे नळ काही दिवसांआड येतो. पाणी आलेल्या पहाटे पिंप, हंडे आणि गल्लीतल्या सगळ्या पाण्याच्या मोटारी एकदम जाग्या होतात. अशा वेळी 'आधी बोट धुऊन घेतो' असं घरात एकदा मोठ्याने म्हणून बघा.

त्यातून वाचलात तर उन्हाळा येतो आणि वापरायचं पाणी संपून उजनी मायनसमध्ये जाते. २०२४ मध्ये तर ती वजा पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली होती. आता बोट पत्र्याच्या शेडमध्ये ४४ अंशांत उभी, टाकीत पेट्रोल तसंच. आपल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. बहुतेक आउटबोर्डांच्या पुस्तिका १० टक्क्यांवर थांबतात. इथेनॉल हवेतलं पाणी पितं आणि महिनोन्‌महिने पडून राहिलं की पाण्यासकट तळाला जाऊन बसतं. टाकी रिकामी करू नका, पेट्रोल महाग आहे.

पहिल्या पावसानंतर इंजिन चालू झालं नाही, तरी खचायचं नाही. थोडा खर्च करून ते निदान एकदा तरी फिरेल एवढं करा, काळ्या रंगाचा एक हात द्या आणि जाहिरात टाका: 'गोड्या पाण्यात चालवलेली बोट.' यात खोटं काही नाही, उजनीचं पाणी गोडच आहे. आधीच्या मालकाबद्दल कुणी विचारलं तर डॉक्टर होते म्हणा. आठवड्याभरात लातूरच्या कुणाचा तरी फोन येईल, 'जवळ आलोय, अर्ध्या तासात पोचतो.' तेवढ्यात शेडमध्ये जा आणि इंजिन गरम करून ठेवा.