रोज नवं माणूस नको

आईला अर्धांगवायूचा झटका आला, त्याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून पुण्याच्या घरी ब्युरोतून पाच बायका आल्या. चौथी सोडून गेली तेव्हा आई फोनवर म्हणाली, "दर दोन महिन्यांनी नव्या बाईसमोर उघडं व्हायचं. याची सवय नाही होत गं." मी इथे जर्मनीत, श्टुटगार्टला. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

आपल्याकडे हा विषय निघाला की वाद ठरलेले: परदेशी गेलेल्या मुलांनी परतावं का, आणि वृद्धाश्रम बरा की वाईट. ज्याला स्वतःच्याच घरात राहायचंय त्याला काय हवंय, हे कुणी विचारत नाही. त्याला ओळखीचं माणूस हवं असतं. आणि आपली आंघोळ कधी करायची, हे आपण ठरवायचं असतं.

जर्मनीत १९९५ पासून शुश्रूषा विमा आहे. हप्ता पगारातूनच कापला जातो. २०१६ अखेरपर्यंत तपासायला येणारे मिनिटं मोजायचे, धुवायला इतकी, भरवायला इतकी. २०१७ पासून ते बघतात की माणूस स्वतःचं स्वतः किती करू शकतो, आणि त्यावरून पाच श्रेणी ठरतात. हिंडती-फिरती पण विसराळूपणाने ग्रासलेली माणसं तेव्हापासून नीट हिशेबात आली. घरचंच कुणी सेवा करत असेल तर रोख रक्कम मिळते: २०२५ मध्ये दुसऱ्या श्रेणीला महिना ३४७ युरो, पाचवीला ९९०. रक्कम पुरत नाही, वरचा खर्च घरच्यांचाच. पण मला मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. लेक किंवा सून आठवड्याला किमान दहा तास सेवा करत असेल, तर ठरावीक अटींवर हा विमा तिच्या नावाने पेन्शनची वर्गणी भरतो. माझ्या वहिनीने आईसाठी शाळेतली नोकरी सोडली. तिच्या नावावर एक रुपया जमा होत नाही, आणि घरात आम्हालाही ते कधी खटकलं नव्हतं.

म्हणून इथलं सगळंच उचलून न्यावं असं नाही. माझ्या शेजारच्या आजींकडे सकाळी नर्स येते, पायांना घट्ट मोजे चढवते, इन्सुलिन देते आणि दहा मिनिटांत पुढच्या घरी धावते. आठवड्यात तीन वेगवेगळे चेहरे. कधी साडेदहापर्यंत आजी रात्रीच्याच कपड्यांत दाराकडे बघत बसलेल्या असतात. त्यांचं आणि आईचं दुखणं एकच आहे.

इथेही चोवीस तासांच्या बायका आहेत, पोलंड-बल्गेरियातून येणाऱ्या. बर्लिनमध्ये नव्वदी ओलांडलेल्या बाईंची सेवा करणाऱ्या एका बल्गेरियन बाईच्या करारात आठवड्याला ३० तास लिहिले होते, प्रत्यक्षात ती रात्रंदिवस हाकेला हजर असायची. जून २०२१ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने सांगितलं की हाकेची वाट बघत थांबणं हेही कामच, त्यालाही किमान वेतन द्या. आपल्याकडच्या "चोवीस तासांच्या बाई"ची रात्र कोण मोजतं?

ज्येष्ठांच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आलं होतं. घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि किमान दर्जा त्यात होता. ते मंजूर झालंच नाही. २०२४ पासून सत्तरीपुढच्यांना आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे, पण ते रुग्णालयातल्या उपचारांसाठी. घरी येणाऱ्या मावशींचा पगार त्यात नाही. ते विधेयक पुन्हा मांडावं, आणि या वेळी त्यात मावशींचं प्रशिक्षण, पगार आणि सुट्टीही असावी. ज्या बाईला रविवार नाही, आजारपणाची रजा नाही, ती टिकणार कशी? आणि ती टिकली नाही, तर आईला ओळखीचा हात कुठून मिळणार?

पाचव्या मावशींशी वहिनीने आधी बोलून घेतलं. आठवड्याची सुट्टी पक्की, त्या दिवशी येणारी बदली बाईही कायम तीच. जर्मनीतल्या घरांत असते तशी एक वही ठेवली: औषधं, शी-शू, पाठीला कुठे लाली आली, सगळं त्यात. बदली बाईला आईला काही विचारत बसावं लागत नाही. सात महिने झाले, दोघी टिकल्या आहेत. आधीच्या सगळ्यांनी आईची आंघोळ सकाळी आठलाच उरकली होती. आई आता दिवेलागणीच्या आधी करते. आयुष्यभर शाळेतून आल्यावर ती तेव्हाच करायची.