शाई, झेरॉक्स आणि न जुळलेला नकाशा: दोन ताऱ्यांच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

आमच्या गेममध्ये नकाशाची पानं छापून, दोन कागद एकावर एक ठेवून दिव्यासमोर धरायचे असतात. त्याला तुम्ही तारे दोनच दिलेत, पण कारणं नीट लिहिलीत, म्हणून नीटच उत्तर देतो.

‘१९९ रुपयांचा गेम आणि त्याहून महाग शाई’ हे तुमचं म्हणणं वाचलं आणि नकाशाचं पान घरच्या प्रिंटरवर काढून पाहिलं. बाहेर आलं ते ओलसर, कडा वळलेलं. चूक सरळसरळ आमची. जुना कागद वाटावा म्हणून आम्ही पानभर तपकिरी रंग भरला होता. कार्ट्रिजमधून इतकी पानं निघतील असा जो आकडा सांगतात, तो पानाचा जेमतेम ५ टक्के भाग छापला जाईल असं धरून. आमचं पान या काठापासून त्या काठापर्यंत रंगलेलं. स्क्रीनवर झकास दिसायचं, आणि आम्ही ते स्क्रीनवरच बघत बसलो.

नकाशा जुळला नाही, ही दुसरी तक्रार. पहिलं पान तुम्ही घरी काढलंत आणि शाई संपल्यावर दुसरं कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून आणलंत. गोची बहुधा तिथेच झाली. घरी प्रिंटरच्या सेटिंगमध्ये ‘फिट टू पेज’ (कागदात बसेल असं पान लहान करणारा पर्याय) राहिलं असेल तर पान थोडं आखडतं. दुकानातलं मूळ मापात आलं असेल. दोन्ही कागद एकावर एक ठेवून दिव्यासमोर धरले की विहिरीची खूण तळघराच्या दारावर बसायला हवी. पण मापात ३ टक्के जरी फरक पडला, तरी ए-फोरच्या २९७ मिमी लांबीत तो ९ मिमीच्या घरात जातो, आणि दार आहेच मुळी बोटाच्या नखाएवढं. मुलगी पाऊण तास कागद सरकवत बसली हे वाचून फार वाईट वाटलं. तिचं काहीच चुकलं नव्हतं.

‘गेममध्ये प्रिंटर घालायची अक्कल कुणाची?’ या प्रश्नावर मात्र थोडं भांडतो. अक्कल आमची नाही, जुनी आहे. निन्टेन्डोने १९९८ मध्ये ‘गेम बॉय’ या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी गेम बॉय प्रिंटर काढला होता. सहा पेन्सिल सेल आणि ३८ मिमी रुंदीचा थर्मल रोल, शाईची भानगडच नाही. (एटीएमच्या पावतीसारखा कागद, अक्षरं उडायचीही तशीच.) ‘पोकेमॉन यलो’ या गेममधून पोकेडेक्सच्या (त्यातल्या पोकेमॉनच्या माहितीकोशाच्या) नोंदी त्यावर छापता यायच्या. अर्थात ती हौस होती, प्रिंटर नसला म्हणून गेम अडत नसे. आम्ही वळण घेतलं ते ‘कीप टॉकिंग अँड नोबडी एक्स्प्लोड्स’ या २०१५च्या गेमचं. त्यात बॉम्ब एकालाच दिसतो आणि तो निकामी कसा करायचा याची २३ पानी पुस्तिका बाकीच्यांच्या हातात. ती फुकट उतरवून घेता येते, मोबाइलवर वाचली तरी चालते. पण घड्याळ चालू असताना कागदाची पानं उलटताना जी तारांबळ उडते, तिची मजा बोटाने स्क्रीन सरकवण्यात नाही.

म्हणूनच ‘प्रिंटरशिवाय खेळता येईल असं करा’ ही तुमची सूचना आम्ही मानणार नाही. दोन कागद दिव्यासमोर धरायचे, हाच तर आमचा गेम. पण प्रिंटर लागतो हे विकत घेण्याआधी ठळक कळायला हवं होतं. ते आम्ही वर्णनाच्या तळाशी बारीक अक्षरात टाकलं होतं. आता पहिल्याच ओळीत आहे.

नवीन अपडेटमध्ये पाचही पानं पांढऱ्यावर काळ्या रेघांची केली आहेत. प्रत्येकाच्या कोपऱ्यात ५ सेंमीची रेघ आहे. शाळेची पट्टी लावून बघा, कमी भरली तर ‘फिट टू पेज’ काढून पुन्हा छापा. झेरॉक्सवाल्यालाही तेवढंच सांगा.

पुन्हा शाई घालवायची नसेल तर गेममधल्या ‘संपर्क’मधून पत्ता कळवा (इथे लिहू नका), आम्ही पाचही पानं छापून पोस्टाने पाठवतो. खर्च आमचा. आणि मुलीला सांगा, विहिरीचं पान वर ठेवायचं, तळघराचं खाली.