पन्नास रुपयांची पावती

दिवाळीत आमच्या वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक व्हिडिओ फिरला. दापोली तालुक्यातलं आमचं गाव समुद्राला अगदी लागून आहे. व्हिडिओत सुरूच्या बनाशी गावातली दोन पोरं बाहेरच्या गाड्यांसाठी पन्नास रुपयांचं पावतीपुस्तक घेऊन उभी आहेत, समोर बाहेरगावची गाडी आहे आणि आतले गृहस्थ विचारतायत, "पन्नास रुपये कसले? समुद्र काय तुमच्या मालकीचा आहे का?" पोरं गप्प. ग्रुपवर मात्र त्यानंतर दोन दिवस कुणी गप्प बसलं नाही. मुंबईचे चाकरमानी म्हणाले, आज पाहुण्यांची पावती फाडताय, उद्या गणपतीला आम्ही आलो की आमचीही फाडाल. पुण्याच्या आत्यानं लिहिलं, देवाच्या दारात आणि समुद्रावर पैसे मागू नयेत. गावात राहणाऱ्यांनी उलट विचारलं, सोमवारी कचरा कोण उचलतं ते येऊन बघा. शेवटी कुणीतरी माझं नाव घेतलं, "अमेरिकेत कसं असतं ते हिला विचारा. तिकडे समुद्राशेजारीच राहते."

तेव्हा मी काही लिहिलं नाही. दोन ओळींत आवरण्यासारखी ही गोष्ट नव्हती.

मी राहते त्या गावाचं नाव हाफ मून बे. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला, गाडीनं पाऊण-एक तासावर, जेमतेम बारा हजार वस्तीचं. गावात शिरायला रस्ते दोनच, किनाऱ्यालगतचा महामार्ग १ आणि डोंगर ओलांडून येणारा ९२. सिलिकॉन व्हॅलीतल्या माणसाला शनिवारी सकाळी समुद्र आठवला की तो ९२ धरतो. ऑक्टोबरात १९७१ पासून इथं भोपळ्यांचा उत्सव भरतो. त्या दोन दिवसांचं सामान आम्ही गावकरी गुरुवारीच भरून ठेवतो, कारण शनिवारी गाडी बाहेर काढण्यात अर्थ नसतो. मे महिन्यात दापोलीहून खाली उतरताना लागणारी रांग आणि ही रांग यात मला काही फरक दिसत नाही.

गाडी लावण्याचे प्रकार इथं दोन. जुन्या बाजारपेठेत मेन स्ट्रीटवर जागा मिळाली तर फुकट.  राज्य सरकारच्या किनारा-उद्यानात मात्र दिवसाचे १० डॉलर. चौकीत माणूस नसेल तर तिथलं पाकीट उचलायचं, त्यावर गाडीचा नंबर लिहायचा, पैसे घालून ते जाड लोखंडी नळकांड्यात टाकायचं आणि फाडलेला तुकडा काचेमागं ठेवायचा. पॉप्लर रस्ता समुद्राकडे संपतो तिथं नगरपालिकेचं वेगळं सशुल्क मैदान आहे. ज्याला पैसे द्यायचे नाहीत तो गाडी लांब लावतो आणि चालत येतो. चालत आलेल्याला कुणी अडवत नाही, काही विचारत नाही. मुद्दा सगळा इथंच आहे, आणि तो कळायला मला काही वर्षं लागली.

आमच्या गावापासून दहाएक किलोमीटरवर मार्टिन्स बीच नावाची छोटी खाडीवजा जागा आहे. महामार्गावरून तिथं उतरणारा रस्ता एकच, आणि तो खासगी जमिनीतून जातो. जुने मालक, डीनी कुटुंब, कित्येक दशकं लोकांना आत सोडत. गाडी लावायचे थोडे पैसे घ्यायचे, खाली एक दुकान होतं, स्वच्छतागृह होतं. २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सचे सहसंस्थापक विनोद खोसला यांच्या कंपनीनं ही जमीन सुमारे ३ कोटी २५ लाख डॉलरना घेतली. पुढं फाटक बंद झालं, रस्त्यावरची पाटी रंगवून मिटवली गेली आणि पहारेकरी उभे राहिले. सर्फरांच्या एका संस्थेनं खटला भरला. कॅलिफोर्नियाच्या १९७६ च्या किनारा कायद्याप्रमाणे किनाऱ्यावर काही 'विकास' करायचा तर परवानगी लागते. कोर्टानं ठरवलं की फाटक बंद करून लोकांची वाट तोडणं हाही त्या कायद्याच्या अर्थानं विकासच आहे, तो परवानगीशिवाय करता येणार नाही. २०१७ मध्ये अपील कोर्टानं हाच निकाल कायम ठेवला आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण हातात घ्यायलाच नकार दिला.

मला यात एका गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. जुन्या मालकांच्या त्या पार्किंगच्या पैशांनी समुद्र बंद झाला नव्हता. उलट लोक इतकी वर्षं पैसे देऊन आत येत होते, म्हणजे वाट चालू होती, याचा तोच पुरावा ठरला. समुद्र बंद झाला तो फाटकाला कुलूप लागल्यावर.

हा कायदा कुणी वरून आणून दिलेला नाही. १९७२ मध्ये लोकांनी मतदान करून किनारा आयोग उभा केला, त्यातून पुढं कायदा आला. आणि इथले लोक आपल्यापेक्षा शहाणे आहेत असं समजून कुणी हे वाचू नये. मालिबूत समुद्रासमोर बंगले असलेल्या काही मंडळींनी घराच्या भिंतीला खोटी गॅरेजची दारं लावली, मनानंच 'पार्किंग मनाई'च्या पाट्या ठोकल्या. दारासमोर कुणी गाडी लावू नये, म्हणजे किनाऱ्यावर कुणी उतरणारच नाही. लॉस एंजेलिसजवळच्या व्हेनिसमध्ये रहिवाशांना रात्री आपल्या रस्त्यांवर फक्त आपल्याच गाड्या हव्या होत्या. २०१० मध्ये आयोगानं ते नाकारलं, कारण त्या रस्त्यांवरूनच बाकीचे लोक पहाटे समुद्रावर येतात. फुकट जागा नाहीशी करून समुद्र आपल्यापुरता ठेवायचा, ही युक्ती पैसेवाल्यांना इथंही चांगली ठाऊक आहे.

म्हणून व्हिडिओतल्या गृहस्थांचा प्रश्न मला उद्धट वाटला तरी चुकीचा वाटला नाही. समुद्र कुणाच्याच मालकीचा नाही. आपल्याकडेही हे कोर्टानं सांगितलेलं आहे. बियास नदीकाठच्या एका हॉटेलच्या प्रकरणात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की समुद्रकिनारा, वाहतं पाणी, हवा, जंगल यांचं सरकार फक्त विश्वस्त आहे. त्या निकालात कॅलिफोर्नियातल्या मोनो सरोवराच्या खटल्याचा मोठा आधार घेतला आहे. माझी दोन्ही घरं एका निकालपत्रात एकत्र आलेली बघून मी ती पानं पुन्हा पुन्हा वाचली.

पण त्या गृहस्थांची गाडी काही समुद्रात उभी नव्हती. ती सुरूच्या बनाशी, आमच्या पाखाडीच्या, म्हणजे वाडीतल्या अरुंद वाटेच्या, तोंडाशी उभी होती.

गेल्या मे महिन्यात मी घरी होते. रात्री साडेअकराला काकूच्या छातीत दुखायला लागलं. दादानं गाडी काढली आणि आगराच्या कोपऱ्यावरच अडकला. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, मध्ये एक गाडी जाईल एवढीच वाट, आणि त्या वाटेत कुलूप लावून ठेवलेली एक मोठी गाडी. कुणाची, कुणाला माहीत नाही. पोरं बॅटऱ्या घेऊन घराघरांतून विचारत फिरली. मालक पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, सापडला, चाळीस मिनिटांनी. भला माणूस होता, हात जोडून माफी मागत होता. त्याला खरंच वाटलं होतं की रस्ता संपला, आता इथंच लावायची असते. त्याला दुसरीकडे लावा म्हणून सांगणारी एक पाटी आम्ही लावली नव्हती. काकू दापोलीला पोहोचली, बरी आहे. पण फुकट पार्किंग म्हणजे काय, याचा अर्थ मला त्या चाळीस मिनिटांत कळला. गाडीवाल्यानं पैसे दिले नाहीत म्हणून किंमत बुडत नाही, ती पाखाडीत राहणारं माणूस देतं.

याहून वाईट म्हणजे जागा मिळाली नाही की लोक गाडी थेट पुळणीवर उतरवतात. भरतीच्या पाण्यात रुतलेल्या गाड्या ट्रॅक्टर लावून ओढल्याच्या बातम्या दर सुट्टीत येतात आणि लोक त्या करमणूक म्हणून बघतात. मला त्यात आंजर्ल्याची आणि वेळासची कासवं दिसतात. ऑलिव्ह रिडलेची मादी थंडीत रात्री वर येते, वाळूत खड्डा करून अंडी घालते आणि निघून जाते. वरून चाकं गेली की वाळू दबते. पिल्लू बाहेर पडलंच तर टायरच्या चरीत अडकतं आणि पाण्यापर्यंत पोचत नाही. इकडे हाफ मून बेच्या वाळूत चिखल्या जातीचा एक मुठीएवढा पक्षी घरटं करतो. त्याच्यासाठी किनाऱ्याचा एक तुकडा खांब रोवून, दोरी बांधून राखलेला असतो. मुलं त्या दोरीबाहेरून वाकून बघतात. दोरीला खर्च फार नाही. दोरी बांधणारा माणूस मात्र कुणीतरी पगार देऊन ठेवावा लागतो, आणि १० डॉलरमधले काही त्याच्याकडे जात असतील असं मला ते पाकीट टाकताना दर वेळी वाटतं.

चाकरमान्यांची शंकाही मी खोडून काढणार नाही. पुण्यात २०१८ मध्ये पार्किंग धोरणावर केवढा गदारोळ झाला. पैसे द्यायला लोक नाखूश होते हे खरंच, पण ठेका कुणाला जाणार आणि हिशेब कोण दाखवणार, हाही प्रश्न होता. २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक म्हणाले की पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नवीन गाडीची नोंदणी होणार नाही. शहरात त्याचा काय उपयोग होतो ते होवो. आमच्या गावाला त्याचा उपयोग नाही, कारण ठाण्यात गाडीला जागा असली म्हणून ती आमच्याकडे येऊन पाखाडीत उभी राहायची थांबत नाही.

आपल्याला हे जमतच नाही असंही नाही. माथेरानला आपण सगळे दस्तुरीला गाडी सोडतो. तिथं पैसे भरतो, पुढं चालतो, घोडा घेतो, आणि गाडी वर का जात नाही म्हणून भांडत नाही. गाडी कुठं थांबते हे तिथं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे.

दादाला मी फोनवर हे सगळं सांगितलं. त्याच्याकडे पाहुण्यांसाठी दोन खोल्या आहेत, म्हणून तो या भांडणात दोन्हीकडून सापडतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "जागा सांग. बाकीचं पटलं." जागा त्यालाच सुचली. गावाच्या वेशीवरची भाताची खाचरं दिवाळीला कापून मोकळी होतात ती पार मृगापर्यंत. पाहुणेही तेवढेच महिने येतात. खाचराच्या मालकाला भाडं द्यायचं, गाड्या तिथं थांबवायच्या, म्हाताऱ्यांना आणि अपंगांना किनाऱ्याशी उतरवून गाडी परत मागं आणायची. एसटीनं आलेल्या, चालत आलेल्या माणसाला एक पैसा मागायचा नाही. पाखाडीत गाडी नाही, पुळणीवर तर कुणाचीच नाही, दादाच्या पाहुण्यांचीसुद्धा नाही. हे शेवटचं म्हणताना तो जरा थांबला होता.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत तो हा विषय मांडणार आहे. मी त्याला पावतीचा नमुना करून पाठवलाय. वर छापील क्रमांक आणि 'वाहनतळ शुल्क, रुपये ५०'. 'समुद्रदर्शन' हा शब्द आधीच्या पावतीवर होता, तो मी काढायला सांगितला. मागच्या बाजूला तीन ओळी: खाचराचं भाडं किती, कचरा उचलणाऱ्याचा पगार किती, शिल्लक किती. हे आकडे दर महिन्याला देवळाच्या फळ्यावर लिहायचे. चौथ्या ओळीला जागा ठेवली आहे. दादा म्हणतो तिथं कासवांच्या घरट्यांभोवती बांधायच्या दोरीचा खर्च लिहू.