पेपर अजून छापून आलेला नाही? मग अर्जात तसंच लिहा

मे महिना लागला की अमेरिकेतल्या आपल्या मराठी घरांतून मला एकाच विषयावर फोन येतात. मुलगा किंवा मुलगी मेडिकल स्कूलचा अर्ज भरत असते. कॉलेजात असताना कुठल्यातरी लॅबमध्ये मन लावून काम केलेलं असतं आणि संशोधनाचा पेपर जर्नलकडे 'पाठवलाय' किंवा 'लिहून होत आलाय'. मग तो अर्जातल्या 'पब्लिकेशन्स' म्हणजे प्रकाशित लेखनाच्या रकान्यात टाकायचा की नाही? मी इथे एका लॅबमध्ये संशोधन करते, अंडरग्रॅड मुलं माझ्यासोबत काम शिकतात, म्हणून लोक मला विचारतात. दरवेळी फोनवर घाईघाईत सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहिते.

छापून न आलेला पेपर पब्लिकेशन म्हणून लिहू नये. पण तो लपवूही नये. तो आज ज्या टप्प्यावर आहे तो टप्पा लिहावा, आणि त्यात आपण स्वतः काय केलं ते त्याहून जास्त जागा देऊन लिहावं.

आपल्या पिढीच्या आईवडिलांना हे पटायला जड जातं, आणि त्याचं कारण मला समजतं. भारतात नीटच्या ७२० पैकी किती मिळाले यावर प्रवेश ठरतो. तिथून आलेल्या माणसाला रिकामा रकाना दिसला की मार्क गेल्यासारखं वाटतं. पण इथला अर्ज त्या धर्तीचा नाही. अ‍ॅम्कासमध्ये (बहुतेक मेडिकल स्कूल्सचा एकत्रित ऑनलाइन अर्ज) कामं आणि उपक्रम मिळून जास्तीत जास्त १५ नोंदी करता येतात. प्रत्येक नोंदीला ७०० अक्षरं, मधल्या मोकळ्या जागा धरून. त्यातल्या तीन 'सर्वांत अर्थपूर्ण' म्हणून निवडायच्या, त्यांना आणखी १,३२५ अक्षरं मिळतात. पब्लिकेशन्स हा या नोंदींच्या अनेक प्रकारांपैकी एक, रिसर्च हा दुसरा. पब्लिकेशन्सची नोंद नाही म्हणून कुणी मार्क कापत नाही. बहुतेक मेडिकल स्कूल्समध्ये प्रकाशित पेपर ही प्रवेशाची अट नसतेच.

आता टप्पे. 'लिहिणं चालू आहे' याला माझ्या लेखी अर्जात काही वजन नाही. प्रत्येक लॅबमध्ये कुठला ना कुठला पेपर कायम लिहिला जात असतो आणि त्यातले बरेच कधीच बाहेर पडत नाहीत. 'सबमिट केलाय' याचा अर्थ एवढाच, की आम्ही तो पाठवला. कुणी स्वीकारलेला नाही. जर्नलने नेमलेल्या परीक्षकांकडे गेला असेल, दुरुस्तीसाठी परत आला असेल, तर तसं लिहावं. 'अ‍ॅक्सेप्टेड' किंवा 'इन प्रेस' (स्वीकारलेला, छपाईच्या वाटेवर) झाला, संपादकांची ईमेल हातात आली, की मग खुशाल पब्लिकेशन्समध्ये टाका, टप्प्याच्या उल्लेखासह. प्रीप्रिंटचं, म्हणजे परीक्षकांनी तपासण्याआधीच ऑनलाइन खुल्या केलेल्या पेपरचं, थोडं वेगळं आहे. अशा पेपरांसाठीची बायोआर्काइव्ह ही वेबसाइट २०१३ पासून आणि मेडआर्काइव्ह २०१९ पासून चालू आहे. तिथे टाकलेला पेपर कुणीही उघडून वाचू शकतो, त्याला डीओआय (पेपरचा कायमचा ओळख क्रमांक) असतो. एनआयएच या अमेरिकी सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेनेही २०१७ पासून संशोधकांना अनुदानाच्या अर्जात प्रीप्रिंट दाखवायला मुभा दिली. तेव्हा प्रीप्रिंट जरूर दाखवा, पण 'प्रीप्रिंट' हा शब्द शीर्षकातच दिसला पाहिजे, वर्णनाच्या तळाशी नाही.

आणि ज्या जर्नलकडे नुसता पाठवलाय त्याचं नाव लिहू नका. मोठ्या जर्नलला पेपर कुणीही पाठवू शकतं. त्यांनी होकार देण्याआधी त्यांचं नाव आपल्या अर्जात मिरवणं मला पटत नाही.

एक उदाहरण देते. एका मुलीचं काम झेब्राफिशवर होतं. या माशाच्या पाच दिवसांच्या पिल्लांच्या अंगावर पाण्याची हालचाल ओळखणाऱ्या पेशी असतात, आपल्या आतल्या कानातल्या पेशींसारख्याच. निओमायसिनसारख्या अँटिबायोटिकने त्या मरतात. औषध दिल्यावर किती उरल्या हे ती मायक्रोस्कोपखाली मोजायची, आणि तेही कुठल्या डिशमध्ये औषध आहे नि कुठल्या डिशमध्ये साधं पाणी हे माहीत नसताना. एकदा तिच्या लक्षात आलं की तिचे आणि दुसऱ्या विद्यार्थ्याचे आकडे जुळत नाहीत. तिने सुचवलं, दोघांनी तेच फोटो वेगवेगळे मोजू आणि मग पडताळून पाहू. त्यातून मोजण्याचे नियम ठरले आणि पुढे सगळ्यांनी तेच पाळले. पेपर गेला, परीक्षकांनी आणखी एक प्रयोग मागितला, आणि नेमका तेव्हाच अर्ज भरायची वेळ आली.

वडिलांचा फोन. "अहो ताई, पाठवलाय ना तो? मग पब्लिकेशन्समध्येच टाकू दे की. सगळेच टाकतात."

मी म्हटलं, "दादा, सगळे टाकतात की नाही ते सोडा. तिने फोटो पुन्हा मोजायला लावले, ते कुठे लिहिलंय?"

ते कुठेच नव्हतं. ७०० अक्षरांत पेपरचं लांबलचक शीर्षक, सगळ्या लेखकांची नावं आणि जर्नलचं नाव कोंबलेलं. मग नोंद रिसर्चमध्ये गेली. आधी तिचं काम, मग तो आकड्यांचा प्रसंग, आणि शेवटी एक वाक्य: मॅन्युस्क्रिप्ट परीक्षकांच्या सूचनांनुसार दुरुस्तीत, सहा लेखकांत मी चौथी. मला विचाराल तर एवढं वाचूनही समोरच्याला कळतं की ही मुलगी डॉक्टर झाल्यावर रिपोर्टमधला न जुळणारा आकडा सोडून देणार नाही.

खोटं पकडलं जातं का, असंही लोक विचारतात. जातं. प्रत्येक नोंदीपुढे संपर्कासाठी माणूस द्यावा लागतो, शंका आली तर चौकशी होते, आणि अर्ज पाठवताना सगळं खरं आहे असं आपण स्वतः प्रमाणित केलेलं असतं. मुलाखत घेणारा त्याच विषयातला निघाला तर पहिल्या दोन प्रश्नांत सगळं उघडं पडतं. हा प्रकार आजचाही नाही. १९९५ मध्ये 'अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन'मध्ये गॅस्ट्रोएंटरॉलॉजी (पचनसंस्थेचे विकार) फेलोशिपच्या अर्जांची तपासणी छापून आली होती. ज्यांनी प्रकाशित पेपर दाखवले होते, त्यांतल्या सुमारे ३० टक्के अर्जदारांची माहिती खरी नव्हती. हे सगळे तोवर डॉक्टर झालेले लोक होते! मला भीती वाटते ती याची. विशीतल्या मुलाला आपणच शिकवलं की 'थोडं वाढवून लिहिलं तर चालतं', तर रुग्णाच्या कागदावर तो काय लिहील?

म्हणून माझा राग मुलांवर नाही. राग आहे तो 'सगळेच टाकतात' म्हणणाऱ्या पालकांवर, भरमसाट फी घेऊन अर्ज 'घडवणाऱ्या' सल्लागारांवर, पैसे भरले की आठवड्यात पेपर छापणाऱ्या जर्नल्सवर. आणि सगळ्यात जास्त, लॅब चालवणाऱ्या आम्हा लोकांवर. 'तुझं नाव येईल बरं का' असं मोघम बोलून मुलांना वर्षानुवर्षं लटकत ठेवणं थांबायला हवं. अर्जाच्या आधी, एप्रिलमध्येच, पीआयने, म्हणजे लॅबच्या प्रमुखाने, मुलाला लेखी सांगावं: पेपर कुठल्या टप्प्यावर आहे, तुझं नाव आहे का, कितवं आहे. एका ईमेलचं काम आहे. ती आली नसेल तर मुलांनी बेधडक मागावी, त्यात उद्धटपणा नाही.

महाराष्ट्रातून एमबीबीएस करून इथल्या रेसिडेन्सीसाठी (पदवीनंतरचं हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण) अर्ज करणाऱ्यांनाही हेच लागू. २०२२ पासून यूएसएमएलई या अमेरिकेतल्या डॉक्टरी परवान्याच्या परीक्षेची स्टेप १ नुसती पास-नापास झाली आणि पेपरांच्या संख्येची शर्यत आणखी वाढली. पण ईरासमध्ये, म्हणजे रेसिडेन्सीच्या ऑनलाइन अर्जात, अजून न छापलेल्या पेपरांसाठी वेगळा प्रकारच आहे, तिथे टप्पा निवडायचा असतो. तो वापरा.

आणि अर्ज पाठवल्यावर पेपर स्वीकारला गेला तर? अ‍ॅम्कासमधल्या नोंदी नंतर बदलता येत नाहीत. पण नवीन माहिती घेणाऱ्या अनेक शाळा आहेत. त्या त्या शाळेचा नियम बघा, अपडेटचं छोटं पत्र लिहा, संपादकांची ईमेल जवळ ठेवा. त्या मुलीनेही तेच केलं, पेपरला होकार आला त्याच आठवड्यात.