स्लॅबवरचा पत्रा
रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, हे ठाऊक असूनही गावातले प्रत्येक नवे घर सपाट स्लॅबचेच का बांधले जाते, हे मला अद्याप उमगलेले नाही. आमच्याही घराची मंगलोरी कौले उतरवून, जांभ्याच्या भिंती पाडून स्लॅब घातला गेला. आता दर जुलैत पंख्याच्या हुकातून पाणी ठिबकते आणि खाली बादली ठेवून आम्ही जेवतो. मग त्या गळक्या स्लॅबवर लोखंडी सांगाडा उभारून पत्रा चढवायचा, म्हणजे पुन्हा उतरते छप्परच, फक्त दुसऱ्यांदा पैसे मोजून! पडवी तर नकाशातच नव्हती (जागा वाया जाते म्हणे), त्यामुळे ओल्या छत्र्या, चिखलाच्या चपला आणि अर्धवट वाळलेले कपडे चार महिने दिवाणखान्यातच नांदतात.