मांजर, मीटर आणि एक चुकीचा फोटो

नमस्कार.

नावाच्या जागी तुम्ही नुसतं 'जुना वाचक' लिहिलंय, म्हणून मीही 'जुने वाचक' म्हणूनच बोलते. तुमची प्रतिक्रिया तिखट होती आणि उत्तर द्यायला मला बारा दिवस लागले. राग आला म्हणून नव्हे. तुमचं म्हणणं खोडून काढायचं म्हणून वाचत बसले आणि त्यात माझीच एक चूक सापडली. तिच्याकडे येतेच.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. जुलै १९४२ मध्ये जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये दोन दिवस चाललेल्या ज्यूंच्या धरपकडीवरच्या एका कादंबरीबद्दल मी गेल्या महिन्यात लिहिलं होतं. जुन्या वाचकांचं म्हणणं असं, की डायऱ्या, साक्षी, सरकारी कागद सगळं उपलब्ध असताना रचलेल्या कुटुंबासाठी टिपं गाळणं हा शुद्ध चोचला आहे, कागद खोटं बोलत नाहीत. "जो मेला त्याचं खरं नाव यादीत आहे, मग खोटं नाव कशाला?" हे त्यांचं वाक्य. पुढे असंही, की आपल्याला फाळणी आठवत नाही आणि पॅरिससाठी मात्र डोळ्याला पदर लागतो. शिवाय याच लोकांना आपल्या कोल्हापूरने आसरा दिला, त्याचा माझ्या लेखात उल्लेखही नाही, हीही त्यांची तक्रार.

कोल्हापूरचं आधी उरकते. वळिवड्याच्या छावणीत १९४३ पासून राहिलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित बहुतांशी कॅथलिक होते आणि त्यांना देशोधडीला लावलं होतं ते सोव्हिएत सरकारने. पोलंडमधून उचलून सैबेरियात आणि मध्य आशियात नेलेली ती माणसं. कोल्हापूरने त्यांना सांभाळलं हे खरंच, पण ती गोष्ट वेगळी. हिटलरपासून पळून मुंबईत आलेल्या जर्मन ज्यूंचं काय झालं ते विचाराल, तर युद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने त्यांच्यातल्या अनेकांना 'शत्रुराष्ट्राचे नागरिक' म्हणून अहमदनगरच्या छावणीत डांबलं, नाझींच्याच शेजारी. चौकशी होऊन बरेच जण सुटले. यावर मात्र कोणी फॉरवर्ड पाठवत नाही.

आता मुद्दा. अर्धं तुमचं मला मान्य आहे. पाठमोरी मुलगी, मागे रेल्वेचे रूळ, शीर्षकात छावणीचं नाव आणि आत एक प्रेमकथा, अशा पुस्तकांची विमानतळावरच्या दुकानात रांग लागलेली असते. मी त्यातली दोन अर्ध्यावर सोडली आहेत. तिथे दुष्ट माणूस नेहमी जर्मन बोलतो आणि शेजारीण नेहमी दार उघडते.

मी ज्या कादंबरीबद्दल लिहिलं तिच्यात दारावर येणारे पोलीस फ्रेंच बोलतात. आईला यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा, येते, फ्रेंच मोडकीतोडकी. शाळेत जाणारी मुलगी मधे उभी राहून आईला पोलिसांचं आणि पोलिसांना आईचं सांगते. त्या पुस्तकात मला पकडून ठेवणारी जागा ही होती. याच प्रसंगात पुढे पोलीस तिला घरातलं मांजर खाली दरवाज्यापाशी राहणाऱ्या, इमारतीची देखरेख करणाऱ्या बाईकडे देऊन यायला सांगतो आणि दुसरा स्वयंपाकघरात जाऊन गॅसचा मीटर बंद करतो. त्यावर मी लेखात काय लिहिलं होतं आठवतंय? "इथे लेखिकेची हौस जरा दिसते, पहाटे माणसं उचलायला आलेला पोलीस मांजराची काळजी करेल?"

तुमच्या सांगण्यावरून कागद शोधायला गेले, तर पोलिसांना त्या कारवाईसाठी दिलेल्या लेखी सूचनाच वाचायला मिळाल्या. गॅस, वीज आणि पाण्याचे मीटर बंद आहेत याची खात्री करा. पाळीव प्राणी देखरेख करणाऱ्या बाईच्या ताब्यात द्या. दोन पांघरुणं, दोन शर्ट, बुटांचा जोड, दोन दिवसांचं खाणं घ्यायला सांगा. अटक होणारा काही म्हणू लागला तर वाद घालत बसू नका. मांजर सरकारी कागदातूनच आलं होतं. मला जे अतिरंजित वाटलं तेच सगळ्यात कोरडं सत्य निघालं.

आता माझी चूक. लेखाच्या वर मी एक फोटो लावला होता, बंदिस्त क्रीडागृहात गाठोडी घेऊन दाटीवाटीने बसलेली माणसं. खाली लिहिलं होतं, 'वेलोद्रोम दिव्हेर, जुलै १९४२'. धरपकडीत सापडलेल्या कुटुंबांना कोंडलं होतं ते पॅरिसमधलं क्रीडागृह हेच. फोटो लावला की लेखाला वजन येतं, एवढाच विचार. तो फोटो त्या जुलैचा नाहीच. पॅरिस मुक्त झाल्यावर, १९४४ मध्ये, जर्मनांना साथ दिल्याच्या संशयावरून पकडून तिथेच कोंडलेल्या फ्रेंच लोकांचा तो आहे. अनेक वर्षं तो छळ झालेल्या ज्यूंचा म्हणून छापला जात होता. ज्यूंच्या हद्दपारीचा शोध घेणारे फ्रेंच इतिहासकार सर्ज क्लार्सफेल्ड यांनी १९८३ मध्ये ही गफलत उघड केली. दारोदार फिरून माणसं उचलल्याचे त्या दोन दिवसांचे फोटो नाहीत. जो एक माहीत आहे त्यात क्रीडागृहाबाहेर ओळीने उभ्या असलेल्या बस दिसतात, शहरातल्या रोजच्याच बस.

म्हणजे माझ्या लेखात धादांत खोटी गोष्ट एकच होती आणि ती कादंबरीतली नव्हती, 'पुरावा' म्हणून लावलेली होती. १९५६ सालच्या एका प्रसिद्ध फ्रेंच माहितीपटात छावणीवर पहारा देणाऱ्या शिपायाची फ्रेंच टोपी सेन्सॉरने झाकायला लावली होती, हेही तुमच्या 'कागद खोटं बोलत नाहीत'च्या शेजारी ठेवून बघा. हे सगळं आमच्याच पोलिसांनी केलं असं फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षाने, शिराक यांनी, जाहीरपणे कबूल केलं ते १६ जुलै १९९५ रोजी. त्रेपन्न वर्षांनी.

आकड्यांवर तुमचा भर आहे म्हणून आकडे. त्या दोन दिवसांसाठी पोलिसांकडे पकडायच्या माणसांची सत्तावीस हजारांहून जास्त कार्डं तयार होती. ती आली कुठून? ऑक्टोबर १९४० मध्ये नोंदणीचा हुकूम निघाला तेव्हा पॅरिस भागातल्या जवळजवळ दीड लाख ज्यूंनी आपापल्या चौकीत रांगेत उभं राहून नाव-पत्ता लिहून दिला होता. कायदा पाळणारी माणसं होती. त्याची कार्डं झाली, नावावार, रस्त्यावार, धंद्यावार, राष्ट्रीयत्वावार. मे १९४१ मध्ये परदेशी ज्यू पुरुषांना हिरव्या चिठ्ठ्या गेल्या: कागदपत्रांच्या तपासणीसाठी या, सोबत घरच्या कोणाला तरी घेऊन या. घरचं माणूस अशासाठी, की नवऱ्याला आत ठेवून बायकोला सामान आणायला परत पाठवता यावं. सदतीसशेच्या आसपास पुरुष असे गेले. जून १९४२ पासून सहा वर्षांवरच्या सगळ्यांना छातीवर पिवळी चांदणी आली. माणशी तीन मिळत आणि त्यासाठी कपड्याच्या रेशनकार्डावरचा एक पॉइंट कापला जाई.

म्हणून जुलैत धरपकडीची कुजबुज सुरू झाल्यावर पुरुष लपले आणि बायका-मुलं घरीच राहिली. आजवर पुरुषांनाच नेत होते ना! पकडले गेले १३,१५२ जण. त्यात पुरुष ३,११८, बायका ५,९१९ आणि मुलं ४,११५. कार्डांच्या निम्मेसुद्धा नाहीत. कोणी पोलिसाने आदल्या संध्याकाळी कानात सांगितलं, कोणी यिडिशमधली पत्रकं वाटली, कोणा शेजारणीने खरोखरच दार उघडलं. वर मी त्या शेजारणीची थट्टा केली, पण ती होतीही. प्रत्येक जिन्यावर मात्र नव्हती.

मुलांना नेण्याचा आग्रह जर्मनांनी तेव्हा धरलेला नव्हता. सोळाच्या आतली मुलंही घ्या, असं जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या फ्रेंच सरकारचे पंतप्रधान लाव्हाल यांनी आपणहून सुचवलं. बर्लिनचा होकार यायला वेळ लागला, तोवर पितिव्हिए आणि बोन-ला-रोलांदच्या छावण्यांमध्ये आयांना मुलांपासून ओढून काढून आधी रवाना केलं आणि मुलं मागे राहिली. ऑगस्टच्या मध्यापासून ती पॅरिसजवळच्या द्रान्सीच्या छावणीत आणली गेली, तिथून ऑशविट्झच्या मृत्युछावणीत. बहुतेक मुलं फ्रान्समध्ये जन्मलेली, फ्रेंच नागरिक.

आता तुमचं ते वाक्य. खरं नाव यादीत आहे. द्रान्सीत कैदेत असलेले आणि पुढे वाचलेले जॉर्ज वेलर्स यांनी १९६१ मध्ये, ज्यूंच्या हद्दपारीची व्यवस्था बघणारा नाझी अधिकारी आइकमन याच्या खटल्यात या मुलांबद्दल साक्ष दिली. आयांनी घाईत कपड्यांवर लिहिलेली नावं पुसली गेली होती, कपडे अदलाबदल झाले होते आणि दोन-तीन वर्षांच्या मुलांना स्वतःचं आडनाव सांगता येत नव्हतं. अशांच्या नावाच्या जागी यादीत प्रश्नचिन्ह आहे. क्लार्सफेल्ड यांनी छावण्यांकडे गेलेल्या एकेका रेल्वेगाडीतल्या माणसांची नावं गोळा करून १९७८ मध्ये छापली. त्यांचे वडीलही ऑशविट्झलाच गेले. त्या माणसाने आयुष्य घालवलं तरी काही प्रश्नचिन्हं तशीच राहिली. कादंबरीतल्या धाकटीचं नाव खोटं आहे, कबूल. पण मग तिला नाव देणारं कोणीच नको का?

फाळणीबद्दल तुम्ही म्हणता ते लागलं. एकासाठी रडलं की दुसऱ्यासाठी पाणी उरत नाही असं माझ्या डोळ्यांचं होत नाही, पण फाळणीवर मी इथे काहीच लिहिलेलं नाही हे खरं. आणि 'आपला काय संबंध' म्हणाल तर माझं लहानपण अलिबागेत गेलं. तिथे ज्यू म्हणजे 'शनवार तेली', शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्यांची नातवंडं, मराठीत भांडणारी. शेजारच्या काकूंकडून मलिद्याची वाटी यायची. जगात या लोकांना कोणी घरातून ओढून नेलंय हे मला दहावीच्या पुस्तकातल्या दोन ओळींतून कळलं आणि त्या ओळींचा काकूंशी काही संबंध असेल असं तेव्हा मनातही आलं नाही.

चुकीचा फोटो मी आज काढून टाकला, त्या जागी काही लावलेलं नाही. मांजराबद्दलचं वाक्य पुसलेलं नाही, त्यावर आडवी रेघ मारून ठेवली आहे. खालचं वाचता येतं.