पोत्यानं पैसा येतो म्हणे झेडपीच्या शाळेला

परवा भावकीच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरून आला, तुमच्याकडंही आला असेल. "गोरगरिबांच्या पोरांच्या नावावर झेडपीच्या शाळांना पोत्यानं पैसा येतो, हेडमास्तर आणि कमिटी मिळून खातात, पोरं नुसती खिचडीला येतात, त्यापेक्षा सगळा पैसा थेट पालकांच्या खात्यात टाका." खाली अंगठ्यांची रांग. मी मराठवाड्यातल्या एका छोट्या झेडपी शाळेच्या व्यवस्थापन समितीचा दोन वर्षं अध्यक्ष होतो, कॅशबुकावर माझ्या सह्या आहेत, म्हणून म्हटलं एकेक वाक्य घेऊच.

"पोत्यानं पैसा." शाळेला खर्चायला जो पैसा हातात मिळतो त्याला संयुक्त शाळा अनुदान म्हणतात, समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या योजनेतून येतो, आणि तो पटावर ठरतो. ३० पर्यंत मुलं असली की वर्षाला १० हजार, ३१ ते १०० असली की २५ हजार, १०१ ते २५० ला ५० हजार. आमचा पट ४६, म्हणजे २५ हजार, करा भागाकार, पोरामागे वर्षाला ५४३ रुपये. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर घालायचेच हा नियम, म्हणजे अडीच हजार तिथं गेले, फिनेल, साबण आणि दर पावसाळ्यात कुणीतरी मोडतंच ती नळाची तोटी. राहिलेल्यात लाईटबिल, खडू, रजिस्टरं, झेरॉक्स. ऑनलाइन माहिती भरायला नेट लागतं ते गुरुजींच्या मोबाईलवरून, रिचार्ज त्यांचाच. आणि "गरिबांच्या नावावर" म्हणाल तर या अनुदानाचा गरिबीशी काही संबंधच नाही, ते डोकी मोजून येतं. तालुक्याच्या गावाला चिकटलेल्या ४६ पोरांच्या शाळेला २५ हजार आणि जिथं निम्मं गाव ऊसतोडीला जातं तिथल्या ४६ पोरांनाही तेवढेच.

"हेडमास्तर आणि कमिटी खातात." खाणारे कुठंच नाहीत असं मी म्हणणार नाही, एका दुकानदारानं मला तोंडावर विचारलंय, "अध्यक्ष, बिल कितीचं करू?" पण आता पैसा खात्यात येऊन पडतच नाही. २०२१ नंतर शाळेच्या खात्याला शून्य बॅलन्स असतो, वरून फक्त लिमिट दिसते, म्हणजे किती खर्चता येईल तो आकडा, एका लॉगिननं बिल चढवायचं, दुसऱ्यानं मंजूर करायचं, मग पीपीएचा, म्हणजे बँकेनं पैसे द्यावेत असं सांगणारा कागद प्रिंट काढून सह्याशिक्क्यासकट बँकेत न्यायचा आणि रक्कम सरळ दुकानदाराच्या खात्यात. ३१ मार्चला जी लिमिट उरली ती गेली. आमच्याकडं एका वर्षी लिमिट आली मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, मी आणि गुरुजी चार दिवस मोटरसायकलवर तालुका-गाव तालुका-गाव, एका दुकानदाराचा खातेनंबर जुळेना, मग सर्व्हर बसला, आणि ९ हजार रुपये आमच्या डोळ्यांदेखत गायब. वर्गाच्या खिडक्या करायच्या होत्या त्यातून.

"थेट पालकांच्या खात्यात टाका." अहो झालंय करून! २०१७ च्या सुमाराला गणवेशाचे ४०० रुपये आई आणि मुलाच्या जॉइंट खात्यात टाकायचं ठरलं होतं. खातं उघडायलाच आमच्याकडं ५०० मागत होते, त्यात आईची मजुरी बुडणार, आधी गणवेश विकत घ्या, पावती दाखवा, मग पैसे. ज्यांच्याकडं आधी घालायला पैसे नाहीत त्यांच्यासाठीच तर ही योजना ना? शेवटी गणवेश समितीकडं परत आला. आता ६०० रुपयांत दोन जोड बसवायचे असतात, बूट आणि दोन जोड मोज्यांना १७० रुपये ठरले २०२३ ला, बाजारात जाऊन १७० ला काय मिळतं ते बघा. आणि समितीच्या हातातून काढलं की बरं होतं असंही नाही, २०२४-२५ ला 'एक राज्य एक गणवेश' म्हणून कापड वरून आलं, शिलाई बचत गटांकडं, कित्येक शाळांत १५ ऑगस्ट जुन्या कपड्यांवर झाला, आले ते कुणाला ढगळ कुणाला आखूड. डिसेंबर २०२४ ला शासनानं परत समितीकडं दिलं.

"पोरं खिचडीला येतात." येऊ द्या की. पहिली ते पाचवीच्या पोराला १०० ग्रॅम तांदूळ आणि शिजवायला मे २०२५ पासून ६ रुपये ७८ पैसे, डाळ, तेल, मीठमसाला, भाजी, जळण सगळं त्यात. चाळीस पोरं हजर असली तर २७१ रुपयांत चाळीस ताटं. शिजवणाऱ्या मावशीला महिन्याला अडीच हजार मानधन. आठवड्याला एक अंडं चालू झालं होतं, जानेवारी २०२५ ला त्याचे पैसे बंद करून लोकसहभागातून द्या म्हणाले. ग्रुपवरच्या अंगठेवाल्यांनी एकेक ट्रे द्यायला हरकत नाही.

कुणीतरी खाली लिहिलं होतं, मुलींना तर हजेरीचेही पैसे मिळतात. हो, पण सगळ्या मुलींना नाही, पहिली ते चौथीच्या काही गरीब मुलींना, १९९२ ला ठरलेला उपस्थिती भत्ता, दिवसाला १ रुपया, वर्षाला जास्तीत जास्त २२०.

खरं बोलायचं तर ज्यावर बोंब मारायला पाहिजे ते त्या मेसेजात नाहीच. हंगामी वसतिगृह म्हणून एक योजना आहे, आईबाप ऊसतोडीला कारखान्यावर गेले की पोरांनी गावातच आजीजवळ नाहीतर चुलत्याकडं राहायचं आणि त्यांच्या दोन वेळच्या जेवणाचं शाळेनं बघायचं. ही गोष्ट नेमकी गरजू पोरासाठी आहे. पण आईबापानं मजुरीची उचल आधीच घेतलेली असते, दसरा-दिवाळीत ट्रक लागतो, आणि एका वर्षी आमची मंजुरी आली डिसेंबरात. तोवर ४६ पैकी १७ पोरं गेलेली. सातवीतली असती तर एखादी राहिली असती, पण चौथीतल्या पोरीला धाकटं सांभाळायला न्यावंच लागतं, तिच्या आईच्या खात्यात ५४३ रुपये टाकले असते म्हणून ती ट्रकमधून उतरली असती का?

हे सगळं ग्रुपवर टाकलं. तासाभरानं एका भावाचा रिप्लाय आला, "ते ठीक आहे, पण मग ते ९ हजार कुठं गेले?"

सरकारकडं परत गेले दादा, तेच तर सांगतोय मघापासून.